अथवा तत्सम अनुभव

यंदाच्या श्रावणात एका रात्री अमेरिकेहून पुतण्याचा फोन आला. "काका, एक पत्र हवं आहे," तो म्हणाला. "म्हणजे सही माझ्या पुण्यातल्या जुन्या साहेबांची, पण मजकूर तेवढा तुम्ही नीट करून द्या. तुम्ही आयुष्यभर हेच केलंत ना?"

बोलला तो अगदी सहज. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ दिवा न लावता बसून राहिलो. आयुष्यभर मी हेच केले, हे खरेच आहे. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या कचेरीत मी पस्तीस वर्षे काढली. माणसे नेमली, त्यांच्या रजा मांडल्या, जाताना त्यांना दाखले लिहून दिले. असे दाखले किती लिहिले याचा हिशेब नाही. त्यांतला एक मात्र मला शब्दन् शब्द पाठ आहे. तो जेमतेम दोन ओळींचा होता. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी पुतण्याची अडचण सांगतो, कारण ती मोठी गमतीची आहे.

हा मुलगा पुणे विद्यापीठाचा बी.एस्सी. आपल्याकडे ती पदवी तीन वर्षांची. तिकडची चार वर्षांची. तिथे एच-वन-बी व्हिसावर काम करायचे तर पदवी तिकडच्या तोलाची असावी लागते. म्हणजे आमचे चिरंजीव एका वर्षाने उणे! पण त्या नियमातच एक तोड सांगितली आहे. शिक्षणाचे जे एक वर्ष कमी पडत असेल त्याबद्दल त्याच विषयातले तीन वर्षांचे काम दाखवावे, की भरपाई झाली. तीनास एक असा हा भाव. मला तो ऐकून आमच्या लहानपणीच्या जुन्या भांड्यांच्या मोडीची आठवण झाली. मोड घालून नवे भांडे घेताना कासार असाच काहीतरी भाव सांगायचा आणि आई पुटपुटत का होईना, तो मान्य करायची.

मात्र नुसती तीन वर्षे भरली म्हणून चालत नाही. त्या वर्षांत माणसाने नेमके काय केले, कोणते ज्ञान वापरले, हे दाखवावे लागते. ज्यांच्याबरोबर काम केले ते वरिष्ठ किंवा सहकारी त्या विषयातले पदवीधर होते, हेही दाखवावे लागते. म्हणजे आपल्यापाशी पदवी नसली तरी पदवीधरांच्या सावलीत उभे राहिल्याचा पुरावा हवाच. पुतण्याला याचा राग आला होता. मला आला नाही. हे सारे मी फार पूर्वी, आमच्याच घरात पाहिले होते.

माझे वडील वाईला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे मराठी सात इयत्ता. १९३६ साली ते डॉक्टरांकडे लागले ते बाटल्या विसळण्यासाठी. पुढे खलात औषध घोटणे, मग पुड्या बांधणे, आणि चार वर्षांनी कुठे मिश्रणाच्या काउंटरमागे उभे राहणे, अशी त्यांची बढती झाली. आजच्या मुलांना कंपाउंडर म्हणजे काय हे सांगावे लागते. त्या काळी तयार गोळ्या थोड्या. डॉक्टर चिठ्ठीवर औषधे व त्यांची मापे लिहीत आणि कंपाउंडर ती मोजून, एकजीव करून बाटलीत भरून देई. बाटली रोग्याने घरून आणायची. तिच्या अंगावर दादा कागदाची पट्टी चिकटवीत. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. कागदाला उभी घडी घालून, न मोजता, ते त्या खाचा अशा पाडीत की सहाच्या सहा अंतरे सारखी यावीत. मी लहानपणी फुटपट्टी लावून पाहिली आहे.

रोगी त्यांना 'छोटे डॉक्टर' म्हणत. दादांना ते आवडत नसे. "आपण वाचायचं नि मोजायचं. ठरवायचं त्यांनी," असे ते म्हणत. एकदा मात्र त्यांनी डॉक्टरांच्या ठरवण्यात हात घातला.

माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, आईने सांगितलेली. पावसाळा होता, गावात हगवणीची साथ होती, आणि डॉक्टर दिवसभर उपाशी बसलेले होते. दिवेलागणीला एका शेतकऱ्याची चिठ्ठी काउंटरवर आली. तिच्यात अफूचे टिंक्चर होते. त्या वेळची मापे ड्रॅम आणि औंस यांची. साठ मिनिम म्हणजे एक ड्रॅम, आठ ड्रॅम म्हणजे एक औंस. या दोन मापांच्या खुणा मराठी तीनच्या आकड्यासारख्या आणि एकमेकींच्या बहिणी शोभाव्या अशा. औंसाच्या खुणेला वर एक वळसा जास्त, एवढाच काय तो भेद. थकलेल्या हाताने तो एक वळसा जास्त काढला होता. सहा डोसांच्या बाटलीत एक ड्रॅम टिंक्चर घातले तर डोसाला दहा मिनिम येतात आणि रोग्याला आराम पडतो. एक औंस घातले तर ऐंशी येतात, आणि रोगी झोपतो तो उठेलच असे नाही.

दादांनी ती चिठ्ठी घडी करून परत आत पाठवली. वर पेन्सिलीने लिहिले, 'एकदा पाहावे.' बाहेर रोगी बसले होते, त्यांच्यादेखत बोलायचे नव्हते. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, वळसा खोडला, सही केली आणि परत दिली. त्या दिवशी दोघांत त्याबद्दल एक शब्द झाला नाही. पुढेही कधी झाला नाही.

मग १९४८ साली फार्मसीचा कायदा आला. औषध बनवणाराचे नाव सरकारी नोंदवहीत असले पाहिजे असे ठरले. नोंद होण्यासाठी त्या विषयाची पदवी किंवा पदविका हवी. पण सगळ्या देशभर औषधे बनवीत होते कोण? बहुतेक दादांसारखेच लोक. त्यांना एका रात्रीत घरी बसवले असते तर दवाखाने बंद पडले असते. म्हणून कायदा करणारांनी पहिल्या नोंदवहीपुरते एक दार उघडे ठेवले. पदवी नाही, पदविका नाही, परीक्षा नाही, तरी ज्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधे बनवण्याचे काम एकंदर पाच वर्षे केले आहे त्याचे नाव घेता येईल. आणि ज्याच्याजवळ दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी आहे त्याला पाचाऐवजी तीनच वर्षे पुरतील! म्हणजे एखादा गृहस्थ कालिदास वाचून बी.ए. झालेला असला तर त्याला खल-बत्त्याची दोन वर्षे माफ. कालिदासाचा आणि कार्मिनेटिव्ह मिक्श्चरचा संबंध काय, हे मला अजून कळलेले नाही. पण शिकलेल्या माणसांनी कायदा करायचा म्हटला की शिकलेल्यांसाठी इतकी सूट राहायचीच.

दादांची वर्षे पाचाहून कितीतरी अधिक झाली होती. हवा होता तो डॉक्टरांचा दाखला. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. डॉक्टर त्या संध्याकाळी आमच्या घरी आले ते मला आठवते, कारण ते कधी येत नसत आणि आईने त्यांच्यासाठी पितळी पेल्याऐवजी कपबशी काढली होती. दाखला इंग्रजीत होता. दादांना तो वाचता येत नव्हता. डॉक्टरांनीही वाचून दाखवला नाही. पाकीट दिले, चहा घेतला आणि गेले. दादांनी तो अर्जाबरोबर पाठवून दिला. पण त्याआधी आईच्या सांगण्यावरून गावातल्या एका मास्तरांकडून त्याची नक्कल करून घेतली होती. ती नक्कल मी मॅट्रिकच्या वर्गात गेल्यावर वाचली.

त्यात 'प्रामाणिक', 'कष्टाळू' असले शब्द नव्हते. हा माणूस कोणकोणती मिश्रणे, मलमे, पुड्या स्वतः बनवतो याची ओळीने यादी होती. विषारी औषधांचे कपाट कुणाच्या ताब्यात असते ते लिहिले होते. आणि शेवटी चार वाक्ये अशी होती की, अमुक साली मी स्वतः अफूच्या टिंक्चरचे माप आठपट लिहिले. या माणसाने ते ओळखले, औषध दिले नाही, चिठ्ठी परत केली. त्यामुळे एक रोगी वाचला आणि मीही वाचलो. खाली सही, शिक्का.

एका डॉक्टराने सरकारी कागदावर आपली चूक आपण होऊन लिहून द्यायची! आणि ती कुणासाठी, तर महिना साठ रुपये पगाराच्या कंपाउंडरसाठी. दादांचे नाव नोंदवहीत चढले. त्या प्रमाणपत्राला त्यांनी चौकट केली होती. आमच्या घरात देवांच्या तसबिरी सोडल्या तर काचेत बसवलेली तेवढी एकच वस्तू होती.

आमच्याच गावात दुसरे एक कंपाउंडर होते. दादांपेक्षा वयाने मोठे, आणि हाताने अधिक तरबेज, असे दादा स्वतः सांगत. त्यांचे डॉक्टर हृदयविकाराने अचानक गेले होते. डॉक्टरांच्या मुलांनी दवाखाना विकला, वह्या रद्दीत घातल्या. बारा वर्षांचे काम, पण ते पाहिलेला माणूस जगात उरला नव्हता. पगार रोख मिळे, पावती नसे. गावातले रोगी साक्ष द्यायला तयार होते. पण रोग्याला बाटलीत काय आहे ते काय ठाऊक? त्यांचा अर्ज परत आला. पुढे ते एका वखारीत हिशेब लिहू लागले. दादा दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जात. आणि परत आल्यावर त्या दिवशी फारसे बोलत नसत.

हे वाचून कुणी म्हणेल, की कायद्याने पुढे दार लावून घेतले हेच चुकले. हात तरबेज असला म्हणजे झाले, कागद कशाला? मला तसे वाटत नाही. मी रुग्णालयात आयुष्य काढले आहे. अनुभवाच्या नावाखाली काय काय चालते ते मी पाहिले आहे. पंधरा वर्षे घाण्याला फिरलेला बैल काही काशीयात्रा करून येत नाही. फिरतो तिथेच असतो. एकच चूक पंधरा वर्षे ठामपणे करणारा माणूस नवशिक्याहून घातकी, कारण नवशिक्या निदान घाबरतो. परीक्षा ही या बाबतीत गरिबाची मैत्रीण आहे. तिला वशिला नसलेल्याचाही पेपर तपासावा लागतो.

आणि रामानुजनांचे नाव घेऊन कुणी पदवीला हसू लागला की मी तर सावधच होतो. ते एफ.ए.ला नापास झाले, मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये १९१२ साली महिना तीस रुपयांवर कारकून झाले, आणि १९१३ मध्ये त्याच मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती दिली. हे सगळे खरे. पण ती दिली केव्हा? केंब्रिजच्या हार्डींनी त्यांची प्रमेये वाचून हा माणूस कोण आहे ते ओळखल्यानंतर. प्रमेये कागदावर उतरवता येतात, ती बोटीने विलायतेला जाऊ शकतात. बाटलीवरच्या पट्टीच्या खाचा कुठे पाठवणार?

आता त्या दोन ओळींकडे येतो. इतका वेळ मी इकडचे तिकडचे सांगत होतो ते, खरे म्हणजे, त्या टाळण्यासाठीच.

मी बी.कॉम. होऊन १९६९ साली रुग्णालयाच्या कचेरीत लागलो. पुढच्याच वर्षी एक वॉर्डबॉय नेमला गेला. आपल्याकडच्या रुग्णालयांत वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईला मावशी म्हणायची रीत आहे. आपण या गृहस्थांना मामाच म्हणू. वय माझ्याएवढेच. शाळा पाचवीत सुटलेली, कारण वडील गेले आणि धाकटी भावंडे तीन. स्ट्रेचर ओढणे, रोग्याला उचलणे, फरशी पुसणे या कामावर ते होते. दोन-तीन वर्षांत ते हाडांच्या विभागातल्या प्लास्टरच्या खोलीत दिसू लागले. कुणी हुकूम काढला नव्हता. तिथे एक माणूस कमी होता आणि मामांना तिथे थांबायला आवडत होते, इतकेच.

त्या काळी प्लास्टरच्या पट्ट्या आम्ही रुग्णालयातच करीत असू. जाळीदार कापडाच्या पट्टीवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड तळहाताने चोळून बसवायची, पट्टी सैल गुंडाळायची आणि दमट हवा लागू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवायची. लावताना कोमट पाण्यात सोडायची. बुडबुडे यायचे थांबले की समजावे, भिजली. मग कापसाच्या अस्तरावर ती झरझर गुंडाळायची आणि ओली आहे तोवर तळहातांनी घडवायची. बोटांनी दाबायची नाही. बोटाचा खळगा आतून कातडीला टोचतो आणि पंधरा दिवसांनी तिथे जखम निघते. हे सारे मला माहीत आहे ते मामांमुळेच. दुपारी काम नसले की मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहत असे. माझ्या आईचे मनगट मोडले तेव्हा प्लास्टर मामांनीच घातले होते. शल्यचिकित्सकांनी हाड बसवले आणि मामांनी ते धरून ठेवले. आईचा हात इतका सरळ जुळला की ती पुढे वीस वर्षे पुरणपोळ्या लाटत होती.

१९७९ सालची एक रात्र. कोपराजवळ हाड मोडलेला सात-आठ वर्षांचा मुलगा. सकाळी प्लास्टर घालून घरी गेलेला. रात्री दहाला आईबाप त्याला घेऊन परत आले. मुलगा रडून रडून घसा बसलेला. ड्यूटीवरचे डॉक्टर नुकतेच पास झालेले. त्यांनी वेदनाशामक औषध लिहून दिले. मामा स्ट्रेचर घेऊन दारात उभे होते. त्यांनी मुलाची बोटे हातात घेतली; ती गार आणि पांढरी होती. एक बोट जरा सरळ करताच मुलगा किंचाळला. मामा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, औषध नंतर. प्लास्टर आत्ता उघडायला पाहिजे. खालच्या कापसासकट." डॉक्टरांचा चेहरा उतरला; पण भला माणूस, त्यांनी मान डोलावली. मामांनी कातडी दिसेपर्यंत प्लास्टर चिरले. थोड्या वेळाने बोटांवर लाली आली. सूज आलेल्या हातावर घट्ट प्लास्टर तसेच राहिले की रक्त पोचत नाही, स्नायू मरतात आणि हात पक्ष्याच्या पंजासारखा आकसून जन्माचा निकामी होतो. तो मुलगा आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असेल. त्याला हे ठाऊकही नसेल.

दादांची चिठ्ठी आणि ही रात्र यांत मला काहीच अंतर दिसत नाही. पण तेव्हा, १९८४ साली, दिसायला हवे होते तेव्हा मात्र मी ते पाहायचे टाळले.

त्या वर्षी रुग्णालयाने प्लास्टर टेक्निशियनची पक्की जागा काढली. जाहिरात मीच लिहिली: एस.एस.सी. आणि संबंधित कामाचे प्रमाणपत्र, 'अथवा तत्सम अनुभव'. हे शेवटचे तीन शब्द मी मामांना डोळ्यांपुढे ठेवून घातले होते, याचा मला अभिमानही वाटला होता. मामांनी अर्ज केला. दुसरा अर्ज एका तरुणाचा, एस.एस.सी., वर्षभराचा अभ्यासक्रम, कागद सगळे नीट. निवड समितीत एक विश्वस्त, वैद्यकीय अधीक्षक, हाडांचे मानद शल्यचिकित्सक आणि चिटणीस म्हणून मी. शल्यचिकित्सक म्हणाले, "मला मामा हवेत. चौदा वर्षं माझे डोळे मिटून काम चाललंय." विश्वस्तांनी शांतपणे विचारले, "अनुभवाचा कागद?"

कागद माझ्याकडे. मी हजेरीपट उघडले. चौदा वर्षांच्या प्रत्येक महिन्याला मामांच्या नावापुढे एकच शब्द होता: वॉर्डबॉय. आम्ही त्यांच्याकडून एक काम घेतले होते आणि वहीत दुसरे लिहिले होते. पगारही वहीतल्या कामाचा दिला होता. विश्वस्त मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, हा मनुष्य इतकी वर्षं टेक्निशियनचं काम करतोय असं आपण आपल्या लेटरहेडवर लिहिलं, तर उद्या युनियन फरकाची रक्कम मागेल. सगळ्या वर्षांची. आणि असे आपल्याकडे किती आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे." मला ठाऊक होते. प्रयोगशाळेत दोन होते, क्ष-किरणांच्या अंधाऱ्या खोलीत एक होता.

विश्वस्त दुष्ट होते असे समजू नका. रुग्णालय खरोखर देणग्यांवर चाललेले होते. त्या वर्षी औषधांची बिले तीन महिने थकली होती. मलाही दोन मुले होती, आणि कचेरीतल्या वरच्या जागेवर डोळा होता. मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि लिहिले: 'सदर कर्मचारी या संस्थेत १९७० पासून वॉर्डबॉय या पदावर काम करीत आहेत. त्यांची वर्तणूक चांगली आहे.'

त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

समितीने कागद वाचला. शल्यचिकित्सकांनी माझ्याकडे पाहिले. मी फाइलीकडे पाहिले. मानद माणूस, आठवड्यात दोन सकाळी येणार, किती भांडणार? ते जरा मोठ्याने बोलले, मग घड्याळ पाहून शस्त्रक्रियेला निघून गेले. जागा त्या तरुणाला मिळाली. मुलगा गुणी होता, त्याचा यात काही दोष नव्हता. पण पुस्तकात वाचलेले प्लास्टर आणि रडणाऱ्या पोराच्या हातावरचे प्लास्टर यांत जो फरक असतो तो त्याला पहिल्याच आठवड्यात कळला. तेव्हा मामांनीच त्याला शिकवले. पगार तसाच, हजेरीपटावरचा शब्दही तोच.

मला वाटले होते मामा माझ्याशी बोलायचे सोडतील. त्यांनी तसे काही केले नाही. "साहेब, शब्द तर तुम्ही घातला होतात जाहिरातीत," एवढेच एकदा म्हणाले. त्यात टोमणा होता की सांत्वन, हे मी अजून ठरवू शकलो नाही. मी दाखल्याची गोष्ट दादांना कधी सांगितली नाही. त्यांच्या खोलीत ती चौकट होती.

आता काळ बदलला आहे. २०१५ पासून सरकारच्या कौशल्य विकास योजनेत 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग' नावाचा एक भाग आहे. काम करता करता शिकलेल्या माणसाची पारख करून त्याला प्रमाणपत्र द्यायचे, अशी ती कल्पना. गवंडी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या बायका यांना असे कागद मिळालेले मी पाहिले आहेत. कल्पना उत्तम. पण पारख करणारा परका माणूस थोडा वेळ येतो, पाहतो, गुण देतो आणि जातो. चौदा वर्षे शेजारी उभे राहून पाहिलेल्या माणसाने काय लिहायचे, हा प्रश्न उरतोच. आणि तो माणूस बहुधा कचेरीत टेबलाशी बसलेला असतो.

पुतण्याच्या साहेबांनी पाठवलेला मसुदा मी उघडला. 'अमुक हे आमच्याकडे चार वर्षे कामास होते. ते मेहनती व मनमिळाऊ आहेत.' मी साहेबांना फोन लावला. "तो नेमकं काय करायचा ते मला सांगा," म्हटले. "एखादी गोष्ट अशी सांगा, की जी त्याच्या लक्षात आली आणि तुमच्या आली नाही." ते थोडे थबकले. मग हसले, आणि सांगू लागले. तास गेला. पत्र चार पानी झाले. पुतण्या म्हणाला, "काका, इतकं लांब?" मी म्हटले, "असू दे."

मामांची आणि माझी शेवटची भेट २०१० साली झाली. दिवाळीच्या आधीचा आठवडा, मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. मी पणत्या घेत होतो. मागून कुणीतरी "साहेब!" म्हणून हाक मारली. मामा, बरोबर नात, तिच्या हातात आकाशकंदील. निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती त्यांना. केस सगळे पांढरे. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि सोडलाच नाही. उलटा करून पाहिला, अंगठ्याने मनगटावरून दाबत गेले.

"हे कधी झालं?"

"गेल्या वर्षी. न्हाणीघरात पडलो. दुसरीकडे दाखवलं, घराजवळ."

"जरा अंगठ्याच्या बाजूला कललाय बघा," ते म्हणाले. "ओलं असतानाच करंगळीकडं दाबून धरायला पाहिजे होतं. कुणी घातलं?"

मी म्हटले, "होता एक मुलगा. चांगला होता. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं होतं."

"असेल की," मामा म्हणाले, आणि माझा हात तसाच धरून नातीला सांगू लागले, "हे बघ, इथं. इथं बोट लाव. लागतंय ना, उंचवटा?"